केरूची न हलणारी होडी

गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची बैठी घरं, भिंतीला भिंत लागून. केरूच्या घरात कुणाला उचकी लागली तर पाणी मी प्यायचे, इतका शेजार. त्यामुळे या माणसाबद्दल मी जे सांगते ते ऐकीव नाही, भिंतीतून आलेलं आहे.

केरू सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. उंच, वाळका, आणि टापटिपीचा असा की बघणाऱ्याला आपल्याच अंगाचा वास येऊ लागावा. कामावरून आला की आधी रॉकेलनं हात, मग साबणानं हात, मग काडेपेटीच्या काडीनं एकेक नख. त्याची बायको भागुबाई म्हणायची, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, देवमाणूस मिळाला. आता कळलं, मोरीत राहणारा मिळाला."

पण देवानं याला स्वच्छता देताना हाडं मात्र कमी दिली. केरूला कुणाला नाही म्हणता येत नसे. भाजीवाल्यानं किडकं वांगं पिशवीत टाकलं तरी हा हसून घेणार आणि घरी येऊन दोन बोटांत धरून उकिरड्यावर टाकणार. समोरचा जरा खाकरून बोलला की केरूचं "हो, हो, तुम्ही म्हणाल तसं" सुरू. मला त्या "हो, हो"ची शिसारी होती. मी त्याला तोंडावर सांगायचे, "केरूभाऊ, तुमच्या मानेत स्प्रिंग बसवलीय का हो कारखान्यात?" त्यावरही तो म्हणायचा, "हो, वैनी."

या माणसाचं एकच सुख होतं, होड्या. त्याचं आजोळ नदीच्या काठावरचं. मामांबरोबर लहानपणी वल्हं मारलेलं. पुढे हाताशी कसब आलं तेव्हा त्यानं पत्र्याच्या दोन लांबट होड्या स्वतः बनवल्या, पांढऱ्या रंगवल्या, आणि दर रविवारी हौशी लोकांना गंगापूर धरणाच्या पाण्यातून फिरवायला लागला. एका होडीत चार माणसं, पाचवं घेत नसे. पाण्यातून टेकड्यांचे माथे वर आलेले आहेत, त्यांची झाली बेटं. त्यातल्या एका बेटात पाणी आत शिरलंय, तिन्ही बाजूंनी जमिनीची मिठी आणि मध्ये निवांत पाणी. त्याला लोक वाटी म्हणतात. वाटीतलं पाणी असं नितळ की तळाचा खडा मोजून घ्यावा. काठाला करडी वाळू. तिथे भाकरी खायची, पाय पाण्यात सोडून बसायचं, ऊन कलायच्या आत परत. ७७-७८ सालात नाशिकच्या माणसाला याहून मोठी चैन ठाऊक नव्हती.

आणि आपली माणसं चैन कशी करतात हे बघायचं असेल तर परत आलेली होडी बघावी. बिडीची थोटकं, केळाची सालं, शेंगांची टरफलं, तंबाखूच्या पिचकाऱ्या, एकदा तर कुणाची कवळी. केरू तोंडानं अवाक्षर काढायचा नाही. माणसं गेली की होडी काठावर ओढायची, नारळाची किशी आणि राख घ्यायची आणि घासत बसायचं.

त्याची मुलगी सिंधू. मॅट्रिक झालेली, शिवणाच्या वर्गात मुलींना शिकवायची, दिसायला भागुबाईवर गेलेली म्हणजे छानच, आणि जिभेला माझी शेजारीण शोभेल अशी. लहानपणी तापात तिचा डावा पाय वाळला. चालताना ती एका बाजूला खचायची. होडीत मात्र ती वल्ह्यावर बसली की पायाचा प्रश्नच उरत नसे, बापाला दमवायची.

लग्नाचं वय झालं आणि पाहुणे यायला लागले. आमच्याकडे मुलगी बघायची म्हणजे बाजारात म्हैस बघायची. वणीहून पहिले आले. चहा झाला, नाव विचारलं, मग त्यांच्यातल्या म्हातारीनं फर्मावलं, "पोरी, चालून दाखव बरं." पोर चालली. म्हातारीनं बशी खाली ठेवली. "कळवतो," म्हणाले. दुसरे आले त्यांनी तिला उंबऱ्यापासून मोरीपर्यंत तीनदा चालवली. तिसऱ्या फेरीला त्यांच्यातली एक बाई पदराआड हसली. मी तिथेच होते. मी म्हटलं, "बाई, दातही बघायचेत का? मोजून दाखवू?" केरूनं मलाच डोळ्यांनी गप्प केलं. वरपक्ष ना! वरपक्षाची थुंकी ह्यानं ओंजळीत झेलली असती.

मग ८१ सालच्या दिवाळीत केरूला एक शक्कल सुचली. झालं असं, त्याच्या होडीत एक गलेलठ्ठ गृहस्थ उभे राहिले आणि होडी अशी डुलली की ते बिचारे दोन्ही बाजूंना लटपटत बसले. त्यांची बायको म्हणाली, "अगंबाई, हे तर लंगडतात!" सगळे हसले. केरू हसला नाही. त्या रात्री भिंतीतून मला त्याचा आवाज आला, "भागू, पाण्यावर समदेच लंगडे."

बेत असा. चांदवडचे पाहुणे यायचे होते. त्यांना घरी आणायचंच नाही. थेट धरणावर न्यायचं, बेटावर जेवण घालायचं, आणि मुलगी होडीतच दाखवायची. सिंधू आधीच होडीत बसून राहील. चालून दाखव म्हणाले तर तिथेच चालेल, डुलत्या होडीत कोण सरळ चालतंय?

"आणि लग्न झाल्यावर?" मी विचारलं. "चांदवडात धरण नेऊन ठेवणार का?"

"एकदा सुपारी फुटली की मग ते बी काय करत्यात, वैनी?"

मी खरं सांगते, मला त्याच्या हातचा चहा त्या दिवशी गेला नाही. पाहुण्यांना फसवायचं म्हणून नव्हे. ते लोक फसवण्याच्याच लायकीचे असतात. पण पोरीला पिशवीच्या तळाशी घातलेल्या वांग्यासारखी खपवायची, आणि तेही अशा स्वच्छ हातांनी! सिंधूला त्यानं नुसतं "बोटीवर कार्यक्रम आहे" एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "कळलं मला, आप्पा." तिला सगळं कळलं होतं.

बेत वाईट असला तरी पक्का होता. मग चांदवडहून निरोप आला. मुलाच्या आईला, बायडाबाईला, भोवळ येते. होडी हलता कामा नये. हलणारी असेल तर आम्ही येत नाही.

आता कोणताही शहाणा माणूस म्हणाला असता, पाण्यावरची होडी हलणारच, बाई, यायचं तर या. पण वरपक्षाचा शब्द! केरूची मान हलली. "हो, हो, अजिबात हलणार नाय." त्यानं त्या आठवड्यात दोन्ही होड्या शेजारी शेजारी ठेवल्या, मध्ये चांगलं अंतर सोडलं, वरून आडवे सागवानी वासे टाकले, नटबोल्ट आवळले आणि वर पांढऱ्या रंगवलेल्या फळ्यांचा सपाट माच केला. कारखान्यातला एक साहेब बघायला आला होता, तो म्हणाला, परदेशात अशा जोडहोडीला कॅटमरान म्हणतात, समुद्रातसुद्धा हलत नाही. केरूची छाती फुगली.

भागुबाई हळूच म्हणाली, "अहो, पण मग सिंधूचं..."

केरूचा चेहरा पाना निसटल्यासारखा झाला. "थोडी तरी हलंलच की," म्हणाला.

त्याला काम बिघडवून करता आलं असतं. बोल्ट सैल ठेवायचे, झालं. पण वाकडं काम त्याच्या हातून होत नसे. वाकडं फक्त बोलणं.

रविवारी चांदवडकर आले. चौघं. मुलगा धोंडीराम, बदामी सफारी घातलेला, कांद्याच्या अडतीवर कामाला. नखं अशी की त्यात वाफा करून रोप लावावं. त्याचा बाप गोटीराम, सगळ्या वाक्यांच्या आधी खाकरणारा. आई बायडाबाई, अंगानं भरदार. आणि बायडाबाईचा भाऊ झुंबर, म्हणजे नवऱ्या मुलाचा मामा. पन्नाशीला टेकलेला, विधुर, तोंडात पानाचा तोबरा आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाल ओघळ. तो मामा मला बघताक्षणी ओकारीसारखा वाटला, आणि पुढे त्यानं मला खोटं पाडलं नाही.

सिंधू आधीच माचावर पुढच्या टोकाला बसली होती, पाय पदरात घेऊन. आम्ही सगळे चढलो. केरू नि भागुबाईनं दोन्हीकडून वल्ही धरली. जोडहोडी निघाली ती लोण्यातून सुरी निघावी तशी.

बायडाबाईनं बरोबर मध्ये बैठक मारली. पाच मिनिटं डोळे मिटून होती. मग एक उघडला, मग दुसरा.

"आगं बया! हलतच नाय की ओ ही! घरच्या ओट्यावर बसल्यावानी वाटतंय."

केरूच्या कपाळावर घाम आला.

"व्याही, लय झकास बनवलीया," गोटीराम खाकरून म्हणाले. "पेला ठिवला तर पानी सांडायचं नाय."

आणि त्यांनी खरंच ठेवला. माचावर पाण्यानं भरलेला पेला. थेंब सांडला नाही.

मग मी एक तमाशा पाहिला. केरू वल्हं भागुबाईच्या हातात देऊन उठला आणि माचाच्या कडेला जाऊन उभा राहिला. सगळा भार एका पायावर. होडी ढिम्म. दुसऱ्या कडेला गेला. ढिम्म. मग त्यानं हळूच उडी मारल्यासारखं केलं. पेल्यातल्या पाण्यावर एक तरंग उठला आणि विरला.

"व्याही," बायडाबाई म्हणाली, "लघवीला लागलीय का? लाजू नका, आमी डोळं मिटतो."

एरवी मी खदाखदा हसले असते. पण तेवढ्यात मामानं तोंडातला लाल लगदा या गालातून त्या गालात नेला आणि म्हणाला, "पोरी, चालून दाखव बरं. हितून तितवर."

सिंधूनं बापाकडे एकदा बघितलं. केरू दूर कुठल्या तरी टेकडीकडे बघत होता. ती उठली. पांढऱ्या फळ्यांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. होडी इतकी स्थिर, पाणी इतकं शांत, ऊन इतकं स्वच्छ, की तिच्या पावलाचं खचणं घरात दिसलं नव्हतं तितकं इथे दिसलं. फळीवर आवाजही यायचा. एक हलका, एक जड. हलका, जड. तिनं पायावरचा पदर सोडला होता. लपवलं काहीच नाही.

मामानं वळून पिचकारी मारली. पाण्यात नव्हे, पाणी हातभरावर होतं, तरी माचावर. पांढऱ्या फळीवर.

मला वाटलं, संपलं, आता परत फिरू. कसलं काय! वाटीचं बेट आलं तशी ही मंडळी आधी उतरली, वाळूवर केरूनं अंथरलेल्या कोऱ्या चादरीवर बसली आणि "वाढा," म्हणाली. नकार पोटात ठेवायला जागा होती आणि कोंबड्यालाही. भागुबाईनं पहाटे उठून गावठी कोंबडा शिजवला होता, बाजरीच्या भाकरी, ठेचा. त्यांनी तो रस्सा असा ओरपला की कोपरापर्यंत ओघळ गेले. हाडं चोखून वाटीच्या पाण्यात भिरकावली. धोंडीराम बोटं चादरीला पुसायचा, एकेक करून, कडेकडेनं, जणू नक्षी काढतोय. बायडाबाई वाटीच्या काठाशी गेली, घशात बोट घालून खळाखळा चुळा भरल्या, आणि ते नितळ पाणी, ज्यात तळाचे खडे दिसायचे, त्यावर तेलाचा पिवळा तवंग हळूहळू पसरत गेला. मी बघत बसले. मला त्या दिवसानंतर महिनाभर कोंबडी गेली नाही.

जेवण उरकल्यावर गोटीरामांनी खाकरलं. हे मोठं खाकरणं होतं, त्यावरून मी ओळखलं.

"केरूबा, पोरगी गुणाची हाय. पर आमच्या धोंडीला नाय जमायचं. च्यार लोकांत उठबस हाय त्याची."

धोंडी काडीनं दात कोरत होता.

"पर तुमी अन्न घातलंय, तुमाला मोकळ्या हातानं कसं लावून द्यावं? आमचा झुंबर हाय. बायको जाऊन दोन वर्सं झाली. पोरं कर्तीसवर्ती हायत, तरास नाय. त्याला चालणारी कशाला पायजे? चुलीपुढं बसणारी पायजे."

मामा नळी चोखत होता. मान न उचलता म्हणाला, "माझी ना नाय." आणि नळी फोडून आतलं ओढून घेतलं. तो आवाज पुढचे दोन दिवस कानातून गेला नाही.

भागुबाईनं पदर तोंडात कोंबला. मी केरूकडे बघितलं. आता तरी, म्हटलं, आता तरी हा माणूस उठेल. आणि केरूची मान हलायला लागली. मी डोळ्यांनी बघितलं. वर, खाली. वर, खाली.

"हो," तो म्हणाला. "म्हणजे... विचार करतो. तुमी म्हणता तर करतो विचार."

तेवढी ओकारी मला दिवसभरात आली नव्हती. पिचकारी परवडली, तवंग परवडला. हा इस्त्रीचा सदरा, ही घासलेली नखं, आणि तोंडातून हे! मी काही बोलायला तोंड उघडलं, तर सिंधूनं आधी उघडलं.

"आप्पा, पाना कुठाय?"

"आं?"

"पाना. नट काढायचा."

"होडीत. मागल्या डब्यात. कशाला गं?"

"आईला आणि या काकूंना घेऊन मी निघते. माझी होडी सोडवून घेते. तुम्ही बसा विचार करत."

ती उठली आणि वाळूवरून गेली. मागे पावलं उमटत गेली, एक उथळ, एक खोल. डब्यातून पाना काढला आणि पहिल्या नटाला लावला. लोखंड कुरकुरलं.

"ओ, काय करतीया ती?" बायडाबाई ओरडली. "आमी जायचं कसं?"

केरू बसूनच होता. पहिला नट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला पोरीनं दोन्ही हात लावले, ताकद लावली, पाय वाळूत रुतला, नट हलेना. केरू बघत होता. मामा नळीचं हाड तपासत होता, आत काही राहिलंय का म्हणून. मग केरूची नजर त्या चादरीवरून फिरली, धोंडीनं काढलेल्या नक्षीवरून, मामाच्या हनुवटीवरून, वाटीतल्या तवंगावरून. आणि मला वाटतं, त्या माणसाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घाण त्याला फळीवर न दिसता माणसावर दिसली.

"थांब," तो म्हणाला. "तो घट्ट हाय. मी आवळलाय, मलाच निघंल."

उठला, गेला, पाना हातात घेतला. बाप आणि लेक, दोघांनी मिळून वासे मोकळे केले, फळ्या उचलून वाळूवर रचल्या. जोडहोडीच्या पुन्हा दोन होड्या झाल्या; एकेकट्या, अरुंद, फुंकर मारली तरी डुलणाऱ्या.

"व्याही, ही हलंल," बायडाबाई म्हणाली. तिचा चेहरा आत्ताच पांढरा झाला होता.

"हलंल," केरू म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून वरपक्षाला नुसतंच "हलंल" ऐकलं. हो नाही, जी नाही.

"आणि ते झुंबरचं?" गोटीरामांनी विचारलं.

"नाय," केरू म्हणाला. शब्द नवा होता, घशात अडकून बाहेर आला, पण आला. "बसा, ऊन कलतंय."

चौघं त्याच्या होडीत चढायला लागले. बसायच्या फळ्या दूर टोकाला, चालत जाणं भाग होतं. मी आमच्या होडीत आरामात पाय पसरून बसले होते. अशी संधी मी सोडणारी नव्हे.

"मामा!" मी हाक मारली. "जरा चालून दाखवा बरं! हितून तितवर!"

मामानं एक पाऊल टाकलं, होडी डावीकडे गेली. दुसरं टाकलं, उजवीकडे गेली. दोन्ही हात पसरून, गुडघे वाकवून, तोंडातला विडा सांभाळत तो असा लटपटला की वणीच्या म्हातारीनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला असता. शेवटी बायडाबाईच्या मांडीवर जाऊन आदळला. बायडाबाई किंचाळली, धोंडी तिला धरायला उठला, आणि मग होडी खरी हलली. वाटीतून बाहेर पडेपर्यंत बाईनं दम धरला. मग तो गावठी कोंबडा, भाकरी, ठेचा, सगळं जसं गेलं होतं तसं परत आलं, आणि पाण्यात न जाता बदामी सफारीवर गेलं.

केरू वल्हं मारत राहिला. त्यानं वेग वाढवला नाही की कमी केला नाही. सिंधू आमची होडी पुढे काढून घेऊन गेली. ती मागे वळून बघत नव्हती; मी बघत होते, डोळे भरून.

काठावर उतरल्यावर चांदवडकर निरोपसुद्धा न घेता यष्टीकडे गेले. धोंडी सगळ्यांच्या मागे, हात अंगापासून लांब धरून. भागुबाई भांडी घेऊन पुढे निघाली. केरूनं होडी ओढून पालथी... नाही, पालथी कशी घालणार, आत सगळं साचलेलं. आधी पाणी मारलं, मग राख घेतली, किशी घेतली आणि गुडघ्यावर बसून घासायला लागला. सिंधू दुसऱ्या बाजूनं बसली. पत्रा पुन्हा पांढरा दिसायला लागला, तरी केरू घासतच होता. एकाच जागी. तिथला रंग उडायला लागला.

"आप्पा, निघालं सगळं," सिंधू म्हणाली.

"वास येतोय."

मी वाकून वास घेतला. राखेशिवाय कशाचाच वास नव्हता.

केरूनं मान वर न करता मला विचारलं, "वैनी, मी तिथं 'विचार करतो' म्हणालो. ऐकलं का तुमी?"

माणसाचं मन राखायला आळीत माझ्याइतकं खोटं बोलणारं कुणी नाही. पण सिंधूही ऐकत होती, किशी हातात थांबवून.

"ऐकलं," मी म्हणाले. "घासा अजून."